कानाचं मडकं

मडकं विकत घेताना माणूस ते बोटाच्या पेरानं वाजवून बघतो. टणटणीत वाजलं तर घेतो, भदभद वाजलं तर खाली ठेवून दुसरं उचलतो. आम्हा कुंभारांची अर्धी विद्या त्या एका आवाजासाठी खर्ची पडते. माती नीट मळली होती का, राख जास्त झाली का, आव्यात, म्हणजे आमच्या भट्टीत, आच सगळीकडून लागली का, हे सगळं गिऱ्हाईक एका टिचकीत ओळखतं. फक्त एक गिऱ्हाईक वाजवून बघत नाही. मयतासाठी मडकं न्यायला आलेला माणूस. तो भाव करत नाही, निवड करत नाही, आणि आम्हीही त्याला 'या परत' असं म्हणत नाही. आमच्या तलवाडा गावात हे लहान पोरालाही माहीत असतं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला कानाच्या मडक्याबद्दल लिहायला सांगितलं. त्यांचा हेतू चांगला होता. खेड्यातल्या कुंभारानं टीव्हीतली वस्तू बघून मातीत उतरवली आणि ती जिल्हाभर गेली, अशी हौसेची गोष्ट त्यांना हवी असणार. ती गोष्ट खरी आहे. पण तिच्या पोटात दुसरी एक आहे, आणि ती वगळून पहिली सांगायला माझं मन घेत नाही. काही माणसांची नावं मी बदलली आहेत. का बदलली, ते वाचताना कळेल.

ती मालिका रात्रीची लागायची. तिचं नाव घेत नाही. त्यात एका गावातल्या घरात काळं मडकं असायचं, तांब्यापेक्षा थोडं मोठं, गळा अरुंद, आणि दोन्ही बाजूंना धरायच्या कड्यांच्या जागी माणसाचे कान. मडक्याच्या तोंडाला ओठ टेकवून मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. तो माणूस खरंच मेलेला असेल तर मडकं 'हूं' म्हणायचं. जिवंत असेल तर गप्प. एवढ्या एका मडक्यावर त्या लोकांनी दोन वर्षं मालिका ओढली.

माझी बायको कांता ती बघायची. एका दुपारी सहज म्हणाली, "तुमच्यानं व्हायचं न्हाई असलं." नवरा-बायकोत असं बोलणं होतं तसं ती बोलली. मी त्याच दिवशी गोळा चाकावर टाकला.

मडकं अवघड नव्हतं. माजलगावच्या धरणाचा गाळ आम्ही टेम्पोनं आणतो. काळा, लोण्यासारखा गाळ असतो तो. त्यात घोड्याची लीद आणि चाळलेली राख मिसळायची, पायानं तुडवायची, खडा न खडा काढायचा. चाकावर गळा ओढायचा, पोट मात्र चाकावरून उतरवल्यावर थापून फुगवायचं, आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापी मारायची. कान वेगळे करून ओल्या मातीनं जोडायचे. कानांनी मला दमवलं. पहिले कान पुरीसारखे झाले. मग मी माझा लहानपणापासूनचा मित्र रशीद याला समोर बसवून त्याचे कान बघून केले. रशीदचा बसस्टँडवर फळांचा गाडा आहे. त्या काळ्या मडक्यांवरचे सगळे कान त्याचे आहेत, हे तो अजून लोकांना सांगतो.

काळा रंग यायला आवा वेगळा लावावा लागतो. गोवऱ्या आणि उसाचं पाचट पेटवून मडकी लाल झाली की वरून ओलं पाचट आणि चिखल टाकून सगळी भोकं बुजवायची. धूर आत कोंडतो, त्याला जायला वाट राहत नाही, मग तो मातीतच शिरतो. दुसऱ्या दिवशी आवा उघडला की मडकी कोळशासारखी निघतात. हात लावला की गार लागतात आणि आपलंच तोंड त्यात अंधुक दिसतं.

रशीदनं पहिली खेप गाड्यावर खरबुजांच्या शेजारी मांडली. "खरबूज घ्या, भूत सोबत न्या," असं ओरडून त्यानं ती दुपारपर्यंत संपवली. घरी मात्र त्यानं एकही नेलं नाही. "धंदा अलग, घर अलग," म्हणाला.

मग तक्रारी सुरू झाल्या. मडकं बोलत नाही. आता कुठलंही रिकामं भांडं कानाला लावलं की घुमतं, तेवढं हे घुमायचं. पण लोकांनी टीव्हीत 'हूं' ऐकलेलं. एकदा मालिकेच्या कंपनीतला एक माणूस शूटिंगसाठी जागा शोधत आमच्याकडं येऊन गेला. तो हसत म्हणाला की त्यांचं मडकं मातीचं नाहीच, फायबरचं आहे, आणि 'हूं' म्हणणारा माणूस मुंबईत बंद खोलीत बसून म्हणतो. मी हे गिऱ्हाइकांना सांगायला हवं होतं. मी दुसरंच केलं.

माझे आजोबा जत्रेत मातीच्या शिट्ट्या विकायचे. त्यांची करामत मला येत होती. मी एका कानाच्या पाळीमागं बारीक भोक ठेवलं आणि आतल्या बाजूनं मातीची पातळ पट्टी बसवली. तिला मी जीभ म्हणायचो. मडक्याच्या तोंडाला ओठ घट्ट टेकवून नाव घेतलं की श्वास आत कोंडतो. ओठ काढले की तोच श्वास जिभेवरून बाहेर येताना आवाज करतो. पट्टी किती जाड ठेवायची हे साधायला बरीच मडकी फुटली. पण ज्या दिवशी साधलं, त्या दिवशी अंगणात मी माझ्या वडिलांचं नाव घेतलं, ओठ बाजूला केले, आणि मडकं खालच्या आवाजात म्हणालं, "हूं." गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणारा देतो तसा हुंकार.

करणारा मी, युक्ती माझी, तरी माझ्या पाठीवर काटा आला. कांता दारात उभी होती. ती म्हणाली, "भांड्याला जीभ लावू नका. रिकामं हाय तवर ते आपलं हाय."

मी ऐकलं नाही. त्यानंतर मडकी पुरी पडेनात. बीडहून, अंबाजोगाईहून गाड्या यायला लागल्या. लोक किती तऱ्हेचे. दोघे भाऊ वडिलांना बांधाचा वाद विचारायला आले आणि 'हूं' कुणाच्या बाजूनं होतं यावर अंगणातच भांडले. एका मास्तरीणबाईंना त्यात मोगरा लावायचा होता, भुताशी त्यांना देणंघेणं नव्हतं. युसूफ वडगावचे एक म्हातारे मडकं परत घेऊन आले. म्हणाले, "बायको जिती होती तवा माझं एक वाक्य पुरं होऊ द्यायची न्हाई. ही नुसती हूं हूं करतीय. ही ती न्हाई. घ्या तुमचं." मी मडकं परत घेतलं. म्हातारे निघाले, वळले, आणि पुन्हा मागून घेऊन गेले.

मला वाटायचं, यात कुणाचं काय वाईट होतंय. माणसाला कुणीतरी 'हूं' म्हणणारं हवं असतं.

सोजरबाई आल्या, ती चैत्रातली दुपार होती. अंगणात रशीद होता, आणि बीडचे एक नवरा-बायको मडकं बघत होते. सोजरबाई मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. साठीच्या पुढच्या, अंगानं वाळलेल्या, दोन पावलं चाललं की थांबून श्वास घेणाऱ्या. बरोबर सून होती, राधा. ती फाटकाजवळच उभी राहिली. माझ्या मुलीच्या वयाची होती.

"कुंभारदादा, बोलणारं मडकं तुमीच करता न्हवं?"

"करतो आजी. बसा."

त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच, श्वास घेत घेत त्यांनी सांगितलं. "माझा मारुती मेंढरं घेऊन धरणाच्या पाण्याकडं गेलता. मेंढरं परत आली, ह्यो न्हाई आला. काठाला चपला घावल्या. माणसं उतरली पाण्यात, गळ टाकले, काय बी न्हाई घावलं. कोण म्हणतं बुडाला. कोण म्हणतं पुण्याला कंपनीत हाय. आता हिचा बाप हिला न्यायला आलाय. दुसरं घर बघितलंय, माणसं चांगली हायेत. मी आडवी येत न्हाई. पर मारुती जिता असंल तर? जित्या माणसाची बायको मी कशी देऊ?"

दम खाऊन त्या पुढं म्हणाल्या,

"तुमचं मडकं मेलेल्यालाच हूं देतं म्हणं. मारुतीचं नाव घेऊन बघते. हूं आलं तर त्याची क्रिया करते आन् हिला मोकळी करते. न्हाई आलं तर ही माझ्यापशी राहील, वाट बघंल. तिनं कबूल केलंय. व्हय गं?"

राधा म्हणाली, "आत्या म्हणतील तसं."

घरातून कांतानं भांडं आपटलं. मी तिकडं बघितलं तर ती आतून हात जोडून खूण करत होती. सांगा त्यांना, अशी खूण. एक वाक्य होतं सांगायचं. आजी, यात जीभ बसवलीय, हे सगळ्यांनाच हूं म्हणतं. पण बीडची माणसं हातात मडकं घेऊन उभी होती, आणि त्यांच्यासमोर ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. एवढंच कारण होतं, हे मी लाज सोडून लिहितो. पुढं मी राधेकडं बघितलं आणि माझी लाज दयेच्या पदराखाली लपवली. मनाला सांगितलं, पोरगी सुटेल. मडकं हूं म्हणू दे.

मी जीभ असलेलं चांगलं मडकं उचलून सोजरबाईंच्या हातात दिलं. त्यांनी डोळे मिटून ओठ टेकवले आणि म्हणाल्या, "मारुती."

मडकं गप्प राहिलं.

त्यांनी परत नाव घेतलं. परत काही नाही. म्हातारीचा श्वासच पुरत नव्हता. आत कोंडायला हवा नव्हती, जीभ हलणार कशी. मला कळत होतं. त्यांना नव्हतं कळत. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी कधी विसरणार नाही. त्या सुनेकडं वळून म्हणाल्या, "बघ. हाय तो."

राधेनं पदर पुढं ओढला आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत मागणं काहीच नव्हतं. एखाद्या गोष्टीची सवय करून घ्यायला लागलेल्या माणसाची ती नजर होती.

"आजी," मी म्हटलं, "तुमाला दम पुरत न्हाई. मी घेऊ का नाव?"

त्यांनी मडकं माझ्याकडं दिलं. देताना हात किंचित मागं ओढला होता, ते मी पाहिलं. मी ओठ टेकवले आणि कुंभाराच्या छातीत असतो तेवढा दम लावून म्हटलं, "मारुती."

हूं आलं.

इथं मला जे लिहायचं आहे ते फक्त कुंभारालाच समजेल, तरी सांगतो. त्या मडक्याचा आवाज ओठ काढल्यावर येतो. आधी येऊच शकत नाही, कारण श्वास आतच असतो. त्या दुपारी हूं आलं तेव्हा माझे ओठ मडक्यावरच होते. आवाज माझ्या दातांत जाणवला. मी मडकं खाली केलं, आणि ठरल्याप्रमाणे जिभेचा आवाज मग आला. म्हणजे हूं दोनदा आलं. बाकी लोकांना ते एकच लांब हूं वाटलं असेल. रशीद मात्र काहीतरी पुटपुटत मागं सरला.

सोजरबाई रडल्या नाहीत.  मग म्हणाल्या, "दादा, एक साधं मडकं द्या." मी दिलं. त्यांनी ते वाजवून बघितलं नाही.

क्रिया झाली. अंग सापडलेलं नव्हतं म्हणून गवताचा पुतळा करून तो जाळला. पुढं राधेचं दुसरं लग्न झालं, गेवराईच्या बाजूला दिलं. मी गेलो नाही, पण कानावर येत राहिलं. एका संक्रांतीला ती स्वतः सुगडं न्यायला आली. कडेवर मूल होतं. "भाऊ, हा माझा पोरगा," एवढंच म्हणाली. ते पोरगं अंगणातली ओली माती बोटानं टोचत बसलं. चांगली भरल्या अंगाची झाली होती ती. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. मनाला म्हटलं, झालं ते बरंच झालं.

जिभेची मडकी मी सोजरबाई येऊन गेल्यावरच बंद केली होती. रशीद विचारायचा, "कावून बंद केलं बे भानू? लक्ष्मी दारात आलती." मी म्हणायचो, मालिका संपली, आता कोण घेतंय. मालिका संपली होती हे खरं. पण गिऱ्हाईक संपलं नव्हतं.

त्यानंतरच्या वैशाखात तो माणूस आला. दुपारच्या वेळी आमच्या अंगणात सावली नावाला उरत नाही. कांता आत झोपली होती. मी खाली मान घालून माती तुडवत होतो. माणूस येताना दिसला नाही. बोलल्यावर कळलं कुणी उभं आहे.

"रांजण पायजे."

"किती पाण्याचा?"

"पाणी न्हाई ठेवायचं. बूड नको त्याला."

माझे पाय मातीत थांबले.

बिनबुडाचा रांजण कशाला लागतो हे आता फार थोड्यांना ठाऊक असेल. ज्याची क्रिया होऊन गेली आहे असा माणूस जिवंत परत आला, तर त्याला तसाच घरात घेत नाहीत. गावाच्या लेखी तो मेलेला असतो. त्याला पुन्हा जन्माला यावं लागतं. कुंभाराकडून माणूस जाईल एवढा बिनबुडाचा रांजण करून घ्यायचा, आडवा ठेवायचा, आणि त्या माणसानं एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर यायचं. बाहेरून आईनं किंवा आईच्या जागी कुणीतरी हात देऊन ओढायचं, अंघोळ घालायची, नव्यानं बारसं करायचं. माझ्या वडिलांनी असा एक रांजण केला होता. हैदराबादेकडं गेलेला कुणी माणूस, गावानं मेला धरलेला, परत आला होता. मी ते फक्त ऐकलं होतं.

"किती मोठा लागंल?" मी विचारलं. काय बोलतोय ते माझं मला समजत नव्हतं.

"माझा खांदा जाईल एवढा."

"कुणासाठी?"

त्याचे पाय जागचे हलले नाहीत. मग म्हणाला, "मला कुणी तरी हाक मारलती. इकडूनच आलती. तवापासून चालतोय."

मी मान वर केली नाही. या एका गोष्टीवर मी फार विचार केला आहे. मला त्याच्या तोंडाकडं बघता आलं असतं. नाव विचारता आलं असतं. तांब्याभर पाणी देता आलं असतं, दारात आलेल्या कुत्र्यालाही आम्ही देतो. मी नुसते त्याचे पाय बघत होतो. पाय अनवाणी होते आणि घोट्यापर्यंत गाळानं भरलेले. काळा, लोण्यासारखा गाळ. मी जन्मभर तो हाताळलाय, तो मला लांबून ओळखू येतो. तो ओला होता. वैशाखातल्या त्या उन्हात धरणापासून आमच्या दारापर्यंत कुणी चालत आलं तर त्याच्या पायावर गाळ ओला राहत नाही. आमच्याच भिजवणीच्या खड्ड्यात पाय पडला असेल, असं मी मनाला सांगितलं. पण त्या हंगामात मी शेतातली तांबडी माती वापरत होतो.

माझ्या डोळ्यापुढं राधेचं पोरगं आलं, माती टोचत बसलेलं. हा माणूस रांजणातून बाहेर आला तर त्या पोराचं घर कुणाचं?

मी म्हणालो, "आवा लागायला वेळ हाय. नंतर या."

"बरं," तो म्हणाला.

मी डोकं वर केलं तेव्हा फाटक उघडं होतं. मी तसाच मातीच्या पायांनी बसस्टँडवर गेलो. रशीद गाड्याखाली बसून टरबूज खात होता. "इकडून कुणी गेलं का?" मी विचारलं. तो म्हणाला, "या उन्हात? कुत्रं बी न्हाई गेलं. तुझं तोंड असं कावून झालंय बे? बैस, टरबूज खा." मी बसलो. टरबूज हातात धरून बसलो, खाल्लं नाही.

रांजण मी केला. कुणी विचारलं, का केला, तर नेमकं सांगता येत नाही. दिलेला शब्द म्हणून, भीतीनं म्हणून, आणि कदाचित वेळ काढण्यासाठी. एवढा रांजण चाकावर होत नाही. मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवत, थापत, रोज थोडा उंच न्यायचा. बूड असलं की भार खाली बसतो, रांजण स्वतःला सावरतो. बूड नसलं की खालची कड पसरत राहते. मी आणि कांतानं त्याला दोरीचे वेढे दिले, ओलं पोतं गुंडाळलं, आळीपाळीनं वळवला. तिला मी सगळं सांगितलं होतं.  त्या दिवसांत तिनं माझ्याशी फार थोडं बोलणं केलं, आणि मला तेच योग्य वाटलं.

रांजण आव्यातून निघाला, कुठं तडा नव्हता. अंगणात आडवा ठेवला. तो माणूस काही आला नाही.

पावसाळा गेला. सोजरबाई एका दुपारी पाण्याचं मडकं न्यायला आल्या. मडकं बघता बघता त्यांची नजर रांजणावर गेली. त्यांनी त्याच्या या बाजूनं बघितलं, फिरून त्या बाजूला गेल्या, आणि दोन्हीकडून उजेड दिसतो आहे हे बघून मडकं खाली ठेवलं. मेंढरांमागं गावोगाव फिरलेली बाई. तिला हे सांगावं लागणार नव्हतं.

"हा कुणाचा?"

आता मात्र मी सांगितलं. जीभ कशी बसवली ते, त्यांचा दम का पुरला नाही ते, मी नाव का घेतलं ते. ओठ काढण्याआधी आलेलं हूंही सांगितलं. मग वैशाखातला माणूस सांगितला, त्याचे पाय, त्याचं बोलणं. सांगताना मी त्यांच्यापुढं जमिनीवर बसलो होतो. त्या मला शिव्या देतील, मातीत लोळतील, असं वाटत होतं.

त्यांनी विचारलं, "त्याच्या डाव्या कानात बाळी होती का?"

"मी बघितलं न्हाई, आजी."

"दाढी वाढवलती का?"

"मी तोंडाकडं बघितलंच न्हाई."

"बोलताना हसला का? मारुती बोलताना हसायचा."

"न्हाई हसला."

 मग स्वतःशीच म्हणाल्या, "आता कशाला हसंल." थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "काय म्हणाला ते परत सांगा." मी सांगितलं. त्यांनी परत सांगायला लावलं. मुलाचे तेवढेच शब्द होते, माझ्यासारख्याच्या तोंडून आलेले, आणि त्या ते ऐकत राहिल्या.

कांतानं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर सोजरबाई म्हणाल्या, "राधीला यातलं काय बी कळू देऊ नका. तिचं तिथं बसलंय."

"न्हाई कळू देणार."

"तो परत आला तर माझ्याकडं धाडा. तिच्याकडं न्हाई. मेलेल्याला बायको नसती, दादा. आई असती."

त्या उठल्या, रांजणापाशी गेल्या, वाकल्या. डोकं आत घातलं आणि असेल नसेल तेवढ्या दमानं हाक मारली. रांजणाला बूड नव्हतं, त्यामुळं आवाज घुमला नाही, अडला नाही. तो पलीकडून निघाला आणि शेतांवरून सरळ निघून गेला. आम्ही तिघंही तिकडं बघत उभे होतो.

सोजरबाई आता घराबाहेर पडत नाहीत. मेंढरं विकली. मी मधून मधून त्यांना बघायला जातो. मागच्या खेपेला त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "मी नसले आन् तो आला, तर रांजणातून तुमी काढा त्याला. पलीकडनं हात द्या. आन् नाव मारुतीच ठेवा, दुसरं ठेवू नका."

मी हो म्हटलं आहे. माणसं विचारतात, भानुदास, एवढा मोठा रांजण अंगणात अडचण करून ठेवलास, विकत का नाहीस. मी म्हणतो, तो विकलेला आहे, गिऱ्हाईक यायचं आहे. कांतानं त्याच्या एका तोंडाशी माझ्यासाठी बाज टाकून दिली आहे. दुपारी जेवण झालं की मी आता आत झोपत नाही, तिथं बसून राहतो.